गेरू की पिवळी माती

राज्यवर्ष पहिले, पेरणीचा दुसरा महिना
वासेत

रेनसेनेबा,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. आमोन तुला धडधाकट ठेवो आणि तुझ्या साहेबांची मर्जी तुझ्यावर राहो. आई ठीक आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझी वहिनी हेतेपेत आणि पोरी मजेत आहेत.

इथवर सगळ्यांची खुशाली झाली. आता माझी ऐक. मी वैतागलोय.

देवळाच्या दुसऱ्या चौकात महाराजांची बसलेली मूर्ती बसवायची आहे. कोरायचं काम सेन्बीला आणि रंगवायचं मला, हे मी तुला मागे कळवलं होतं. दगड तुमच्याकडूनच आला, ऐनूच्या खाणीतला, दह्यासारखा पांढरा. टिचकी मारली तर भांड्यासारखा वाजतो. सेन्बी तोंडाने शिवराळ असला तरी हात देवाचा आहे त्याचा. गुडघे, बोटं, नखांच्या कडा, सगळं त्याने असं काढलंय की बघणारा आधी हात लावून बघतो. मी त्यावर चुनखडीचा पातळ थर दिला, घोटला, वाळवला. शिरोवस्त्राचे पट्टे निळे-पिवळे करून झाले. सिंहासन झालं. डोळ्यांच्या कडा काजळीने भरल्या. राहिली फक्त कातडी. चेहरा, हात, पाय.

आणि तिथंच घोडं अडलंय. पुरुषाला गेरू आणि बाईला पिवळी माती, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण आपले महाराज बाई आहेत.

आधीचा राजा, त्यांचा भाऊ, बिचारा मूलबाळ नसताना गेला, धाकट्या बहिणीने राज्य हातात घेतलं, चांगलंच झालं, माझी काही तक्रार नाही. पण मूर्तीला हनुवटीवर राजाची दाढी आहे आणि छाती बाईची आहे. तिला मी कुठला रंग देऊ?

देवळाचा कारभारी अमेनी तुला आठवत असेल, जेवताना पण हातात काठी घेऊन बसणारा. त्याला विचारलं. तो म्हणाला, "रंगारी तू आहेस की मी?"

म्हटलं, "रंगारी मीच. पण चुकलं तर खाणीत मला पाठवाल की तुम्ही जाल?"

तेव्हा म्हणाला, "वरून विचारून घे."

वरून म्हणजे तूच की रे. राजधानीत, राजवाड्याच्या बांधकाम कचेरीत बसतोस. आईची दहा घरी ही गोष्ट सांगून झालीय. तेव्हा मला जास्त काही नको. गेरू किंवा पिवळी. एवढा एक शब्द साहेबांकडून लिहून घे आणि पाठव. शिक्का मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाही मिळाला तरी चालेल.

देदू


राज्यवर्ष पहिले, पेरणीचा चौथा महिना
राजधानी

दादा,

नमस्कार. प्ताह तुझ्या हाताला बळ देवो. आईसाठी सुके अंजीर पाठवतोय, होडीवाल्याने वाटेत खाल्ले नाहीत तर पोचतील. तिला म्हणावं, गुडघ्यांना एरंडाचं तेल लाव आणि शेजारणीशी उभ्याने गप्पा मारू नकोस.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी आमच्या मुख्य साहेबांना, अंखूंना, विचारलं. मला वाटलं होतं, हो-नाहीचं काम आहे.

ते म्हणाले, "कोण विचारतंय?"

"वासेतचा रंगारी." तू माझा भाऊ आहेस हे मी सांगितलं नाही. इथं कुणाचा कोण आहे हे सांगितलेलं बरं नसतं.

"त्याला कळव, पूर्वापार करत आलो तसंच करावं."

"पण साहेब, पूर्वी कधी बाई नव्हती."

"मग जे पूर्वी कधी केलं नाही ते करू नये."

दादा, शपथेवर सांगतो, हे शब्द जसेच्या तसे आहेत. मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी खजिनदारांकडे पाठवलं. खजिनदार म्हणाले, रंग हा धर्माचा प्रश्न आहे, पुरोहितांना विचारा. पुरोहित म्हणाले, मूर्ती राजाची आहे, राजवाड्याला विचारा. फिरून मी पुन्हा अंखूंच्या दारात.

तुला हसू येईल, पण आमचंही रडगाणं तेच आहे. तुझं रंगावर अडलंय, आमचं क्रियापदावर. रोज सकाळी कचेरीत यावरून तंटा होतो, की महाराज आले लिहायचं की महाराज आल्या. गेल्या महिन्यात एक शिलालेख गेला, त्यात लिहिलं होतं, "महाराज सिंहासनावर बसल्या, त्याने शत्रूंना पायाखाली घातलं, आणि आपल्या वडिलांची लाडकी कन्या असा तो युगानुयुगे जगो." तो लिहिणारा माझ्या शेजारीच बसतो. सगळ्यांना खूश करायचं होतं म्हणे त्याला.

थोडा धीर धर. मी पाठ सोडणार नाही.

रेन


राज्यवर्ष दुसरे, उन्हाळ्याचा दुसरा महिना
वासेत

रेना,

धीर धरला. पूर आला, ओसरला, पेरण्या झाल्या, आता कापणीही संपली. मूर्ती अजून पांढरीफटक, अंगाला शाडू लावून बसलेल्या पैलवानासारखी. तुझं पत्र काही नाही.

तुझी वाट बघत बसलो असतो तर हातावर कोळिष्टकं धरली असती. म्हणून माझ्या अकलेने डाव्या हाताला पिवळी माती लावली. बाई ती बाई, दाढी लावली म्हणून कातडी बदलत नाही, असा विचार केला. रंग छान बसला. बाभळीचा ताजा डिंक होता, एकही पापुद्रा नाही. तिसऱ्या दिवशी थोरले पुरोहित आले, बघितलं आणि असे ओरडले की छपरावरची कबुतरं उडाली.

"राजा पिवळा? आमोनसमोर राजा पिवळा बसवणार? परंपरेला हरताळ फासतोस?"

मी म्हटलं, "हरताळाची पिवळी पूड नाही हो, साधी पिवळी माती आहे." सेन्बी खांबाआड जाऊन हसत होता, नालायक.

हात खरवडला. खाली दिलेला थरही निघाला. पुन्हा थर, पुन्हा घोटणं, पुन्हा वाळवणं. मग गेरू लावला. तर राजवाड्याचा एक माणूस दौऱ्यावर आला, तो बघून म्हणाला, "अच्छा. म्हणजे महाराज बाई आहेत हे लपवायचंय वासेतवाल्यांना. का बरं? लाज वाटते?" अमेनीचा चेहरा चुनखडीपेक्षा पांढरा झाला. तो माणूस जेवून गेला, बदकाची तंगडी चोखत गेला, आणि अमेनी काठी घेऊन माझ्याकडे आला.

"खरवड."

"मग काय लावू?"

"आधी खरवड तर."

आता सांगतो ते नीट ऐक. सेन्बीने काढलेली मनगटाजवळची बारीक शीर दोनदा खरवडून बोथट झालीय. तो माझ्याशी बोलत नाही. परवा जाता जाता म्हणाला, "निळा लाव रे, देव समजतील, भांडण मिटेल." आणि नदीपलीकडच्या देवळात ज्या रंगाऱ्याने मुकुटाचा रंग चुकवला होता तो आता खाणीत दगड ओढतोय. त्याची बायको आमच्या हेतेपेतकडे पीठ उसनं मागायला येते. हेतेपेत पीठ देते आणि मग रात्रभर माझ्याशी धड बोलत नाही. तिच्या मनात काय आहे ते मला कळतं.

तू लहान होतास तेव्हा तुला लिहिणं शिकायला पाठवावं म्हणून मी वडलांशी भांडलो होतो. ते म्हणत होते, दोघंही रंगारी व्हा. मी म्हटलं, घरात एकजण तरी असा हवा ज्याचा शब्द चालतो. तो शब्द मी आता मागतोय. एकच.

देदू


राज्यवर्ष दुसरे, उन्हाळ्याचा चौथा महिना
राजधानी

दादा,

नमस्कार. आईला दंडवत.

हे पत्र मी नेहमीच्या होडीवाल्याकडे दिलेलं नाही. ओळखीच्या एका कुंभाराबरोबर पाठवतोय. यापुढे तूही जरा सांभाळून लिही. पत्रं उघडली जातात. तुझं मागचं पत्र माझ्या हाती आलं तेव्हा त्याची मातीची मोहर ताजी होती, आणि आपल्याकडची माती एवढी काळी नसते. शिलालेखाचं मी तुला कळवलं ती चूकच झाली, त्याबद्दल मला दोनदा विचारणा झाली.

अंखू आता कचेरीत नाहीत. कुठं गेले ते विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही. त्यांच्या जागेवर चटई तेवढी आहे. झालं असं, की वरच्या दरवाज्याच्या लेखाचा निकाल कुणीच देईना, तेव्हा ते एकदा कंटाळून म्हणाले, "आणा इकडे," आणि स्वतःच्या हाताने "आल्या" असं लिहून शिक्का मारला. महाराज बाई आहेत, आल्या लिहिलं, त्यात खोटं काय होतं? पण उत्तरेचे सेनापती आणि त्यांची माणसं म्हणतात, बाईला राजा म्हणणं वेगळं आणि राजाला बाई म्हणणं वेगळं. सेनापती गेल्या राजांचे चुलतभाऊ लागतात. तेवढं सांगितलं की पुढचं तुला कळेल.

तुला एक शब्द हवाय, दादा. त्यांनीही एकच शब्द लिहिला होता.

माझं ऐक. काही लावू नकोस. पांढरी ठेव. कुणी विचारलं तर डिंक चांगला मिळत नाही म्हण, चुनखडी संपली म्हण, हाताला गळू झालंय म्हण. पांढऱ्या मूर्तीवर कुणाचा राग नसतो.

रेन


राज्यवर्ष दुसरे, पुराचा पहिला महिना
वासेत

रेनसेनेब,

पांढरी ठेव म्हणे!

पांढरी मूर्ती म्हणजे काय ते तुला माहीत नाही, कारण तू वर्षानुवर्षं फक्त कागद बघतोस. रंग नसलेली मूर्ती म्हणजे मसाला भरायच्या आधीचं मढं. तिला डोळे आहेत पण ती बघत नाही. तिच्यापुढे नैवेद्य ठेवला तर तो कुणी खायचा? पुरोहितांचे नोकर सोडून?

अंखूंचं वाईट वाटलं. पण त्यांनी निदान लिहिलं तरी.

अंजीर तेव्हाच पोचले होते. आईने शेजारणीला वाटले.

देदू


राज्यवर्ष तिसरे, उन्हाळ्याचा दुसरा महिना
वासेत

रेना,

मधे बराच काळ गेला. तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. राग होता, तो आता नाही. जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून कुंभाराच्याच हाती देतोय.

महाराज इथं आल्या होत्या.

आमोनच्या दरीच्या उत्सवासाठी येणार हे माहीत होतं. अमेनीने आठ दिवस आधीपासून मूर्तीवर तागाचं मोठं कापड टाकून ठेवलं होतं आणि मला बजावलं होतं, त्या दिवशी देवळात फिरकायचं नाही. पण माझे कुंचले आणि वाट्या तिथंच राहिल्या होत्या. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवून लवंडलेले असतील अशा हिशेबाने, मी ते आणायला गेलो. तर चौकात त्या उभ्या. बरोबर दोन दासी, एक पंखेवाला आणि अमेनी. अमेनी सांगत होता की कापडाखाली जुना खांब आहे.

"खांबाला गुडघे असतात?" त्या म्हणाल्या. "काढा ते."

कापड निघालं. मी जमिनीला नाक टेकून पडलो होतो, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. त्या बराच वेळ मूर्तीकडे बघत राहिल्या. सेन्बीने तोंडाच्या कोपऱ्याला एक जरासा खळगा ठेवलाय, तो त्यांना खरोखर आहे. त्याने कधी बघितलं कुणास ठाऊक.

"हे पांढरं का?" त्यांनी विचारलं.

अमेनी म्हणाला, "डिंक चांगला मिळत नाही, महाराज."

रेना, तुझाच सल्ला, दुसऱ्याच्या तोंडून. ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पडल्या पडल्याच बोललो, "डिंक भरपूर आहे. रंग ठरलेला नाही."

अमेनीने काठी माझ्या पाठीत खुपसली. त्या म्हणाल्या, "त्याला उठू दे. रंग कुणी ठरवायचा असतो?"

"तेच विचारतोय महाराज, तुम्ही गादीवर बसल्यापासून. कारभारी म्हणतात वर विचार, वरचे म्हणतात पुरोहितांना विचार, पुरोहित म्हणतात राजवाड्याला विचार."

"आणि मला?"

त्यांनाच विचारावं हे मला खरंच सुचलं नव्हतं. एवढ्या सगळ्या माणसांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या हसल्या. मोठ्याने नाही, नाकातून, आपली आई हसते तशा. मग मूर्तीच्या पायाशी, दगडावरच बसल्या. दासी गादी घेऊन धावली, तिला हातानेच थांबवलं. म्हणाल्या, "माझ्या भावाची मूर्ती तूच रंगवली होतीस?"

"माझ्या वडलांनी. मी तेव्हा गेरू वाटायचो."

"तो शेवटी शेवटी पिवळ्या मातीसारखा झाला होता. डोळेसुद्धा. काविळीने गेला तो. तरी त्याला तांबडाच लावलात ना? त्याला कुणी विचारायला गेलं होतं?"

"नाही, महाराज."

"मग माझ्याच कातडीचा एवढा विचार कशाला?"

मी विचारलं, "म्हणजे गेरू लावू?"

त्यांनी हातातली कडी काढून दासीकडे दिली आणि हात पुढे केला. "बघ आणि दे," म्हणाल्या.

रेना, बाईमाणसाचा हात मी असा कधी बघितला नव्हता, हेतेपेतचा पण नाही. नदीवरच्या प्रवासात उन्हाने रापलेला होता. कडी होती तिथं फिकट, कोपराजवळ गव्हाळ, बोटांच्या पेरांवर तांबूस. मी खापराच्या तुकड्यावर गेरू घेतला, त्यात पिवळी माती घातली, चुनखडीची चिमूट टाकली. हाताजवळ धरला. फार लाल झाला. पुन्हा केला. त्या कंटाळल्या नाहीत. एकदा तर म्हणाल्या, "अजून जरा पिवळा. मी काही नांगर धरत नाही." अमेनी घामाने निथळत होता. शेवटी एक जमला. खापर मनगटावर ठेवलं तर रंगाची कड दिसेना.

त्या उठल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावाला कुणी विचारलं नाही, बरं झालं. त्याला उत्तर देता आलं नसतं." आणि गेल्या.

आता पुढचं ऐक. त्यांची पालखी चौकाबाहेर पडते न पडते तोच अमेनी मला म्हणतो, "त्या बोलल्या ते ठीक. लेखी कुठाय?"

मी म्हटलं, "तुम्ही उभे होतात ना?"

"मी काही ऐकलं नाही. माझ्या कानात पाणी गेलंय."

हसू की रडू कळेना. पण मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सेन्बीला बोलावून आणलं. त्याने मनगटाची शीर पुन्हा काढून दिली, शिव्या घालत घालत, पण काढली. मी चेहरा केला, मग हात, मग पाय. चौथ्या दिवशी ऊन चौकात आलं तेव्हा मूर्ती दगडाची राहिली नव्हती. सेन्बी म्हणाला, "आता बोलेल." त्याच्या तोंडून कौतुक मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. अमेनी रोज येऊन बघून जातो. थोरले पुरोहित डोळे बारीक करून म्हणाले, "लांबून तांबडा दिसतो." राजवाड्याचा माणूस आला, तो म्हणाला, "जवळून पिवळा आहे." दोघं खूश.

आईला नेऊन दाखवली. ती म्हणाली, उन्हात फार वेळ बसलेली दिसते बिचारी.

तू एकदा ये आणि बघ.

देदू


राज्यवर्ष चौथे, पेरणीचा पहिला महिना
राजधानी

दादा,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. रागावू नकोस.

वाचून आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दोनदा वाचलं आणि मगच जाळलं. पण तू हे कुणाकुणाला सांगितलंयस? त्यांचा हात बघून रंग केला, त्या दगडावर बसल्या, भावाच्या काविळीबद्दल बोलल्या, यातलं एक अक्षर कुणाजवळ काढू नकोस. सेन्बीलाही तोंड आवरायला सांग. विचारलं तर म्हण, गेरूच होता, जरा पातळ पडला.

तुला वाटतं मी भित्रा आहे. तसं तू लिहिलं नाहीस, पण "त्यांनी निदान लिहिलं तरी" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुझ्या देवळात एक अमेनी आहे. इथं खोलीभर अमेनी बसलेत आणि प्रत्येकाच्या कानात पाणी गेलंय, पण दुसऱ्याने काय लिहिलं ते मात्र सगळ्यांना दिसतं. अंखूंची बायको अजून कचेरीच्या दाराशी येऊन बसते. आम्ही मागच्या दाराने जातो. मीही जातो.

महाराजांना गेल्या पुरापासून ताप येतो. इथं याबद्दल कुणी बोलत नाही, पण वैद्य आतच राहतात आणि जेवणाची ताटं तशीच बाहेर येतात.

मी आता बांधकाम कचेरीत नाही. सेनापतींच्या कचेरीने मला मागवून घेतलं. अक्षर स्वच्छ आहे म्हणाले. नाही म्हणता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर म्हणावंसंही वाटलं नाही. तिथं निदान क्रियापदावरून भांडण नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. मी मजेत आहे म्हण. आणि दादा, मला आता रंगाबद्दल लिहू नकोस.

रेन


नवे राज्यवर्ष पहिले, उन्हाळ्याचा पहिला महिना
वासेत

रेनसेनेबा,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. रंगाबद्दल लिहू नकोस म्हणाला होतास. हे शेवटचं.

महाराज गेल्याची बातमी इथं पोचली तेव्हा आम्ही सगळ्यांनी डोक्यात माती घालून घेतली. आई खरोखर रडली. नंतर सेनापती गादीवर बसल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही अंगणं सारवली. हे सगळं ठीकच आहे, आपण सांगितलेलं करतो.

मागच्या महिन्यात राजवाड्याची होडी आली. अमेनीने मला बोलावून घेतलं. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं त्याला मुलगा झाला. म्हणाला, "देदू, हुकूम आलाय. लेखी! शिक्क्यासकट!" आणि माझ्या हातात दिला.

मी वाचला. दुसऱ्या चौकातली बसलेली मूर्ती नव्या महाराजांची समजावी. बैठकीवरचं नाव छिन्नीने काढून तिथं खालील नाव कोरावं. छाती सपाट करावी. चेहरा, हात, पाय, सर्वांगास गेरू द्यावा, दाट, पूर्वापार पद्धतीप्रमाणे. दिरंगाई खपवून घेतली जाणार नाही.

इतका स्वच्छ हुकूम मी उभ्या आयुष्यात वाचला नव्हता. कुठं अडखळायला जागाच नाही. मी तो दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला त्यातलं घुबडाचं अक्षर दिसलं. शिकायला लागलास तेव्हापासून तू घुबडाचं पोट जरा मोठं काढतोस. गुरुजी त्यावरून तुझ्या हातावर छडी मारायचे, आणि तू घरी येऊन म्हणायचास, जेवलेलं घुबड आहे ते. त्या हुकुमातलं प्रत्येक घुबड जेवलेलं होतं.

मी हुकूम गुंडाळून अमेनीला परत दिला.

सेन्बीने नाव काढलं, छाती सपाट केली. त्याला पाच पोरं आहेत. काम करताना तो पहिल्यांदाच एकही शिवी न देता बसला होता. चेहऱ्याला मात्र त्याने हात लावला नाही, कारण हुकुमात चेहरा कोरायचं लिहिलेलं नव्हतं. तू लिहायचं विसरलास की मुद्दाम लिहिलं नाहीस ते मला माहीत नाही. मी विचारणारही नाही.

मग माझी पाळी आली. मी गेरू वाटला, डिंक घातला, कुंचला बुडवला. मूर्तीसमोर बसलो. आधी मनगट करावं म्हटलं, छोटं काम. हात उचलला आणि तसाच राहिला. अमेनी जवळ आला. मग त्याने विचारलं, आणि या वेळी त्याच्या आवाजात काठी नव्हती, खरंच कळत नव्हतं त्याला, "काय झालं रे? आता तर लेखी आहे."

मी कुंचले धुतले आणि घरी आलो.

मला काही शिक्षा झाली नाही. त्यांनी शवपेट्या रंगवणाऱ्या एकाला आणलं. चांगला माणूस आहे, भरभर काम करतो. दुपारच्या जेवणाआधी त्याने सगळी मूर्ती तांबडी करून टाकली. अर्ध्या दिवसात, रेना. मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो होतो. रंग दाट बसलाय. तोंडाच्या कोपऱ्यातला खळगा भरलाय का ते बघायला जवळ गेलो, तर पहारेकऱ्याने हटकलं.

देवळाचं काम आता मला मिळत नाही. शवपेट्यांचं मिळतं, त्या माणसाची जागा रिकामी झाली ना. हेतेपेत म्हणते, मेलेली माणसं बरी, रंगावरून भांडत नाहीत. ती आता माझ्याशी नीट बोलते. बऱ्याच दिवसांनी.

त्या दिवशी होडी आली हे आईलाही कळलं होतं. संध्याकाळी दारात बसून होती. मला बघून म्हणाली, "रेनचं काही आलं का?"

मी म्हटलं, "आलंय."

"काय म्हणतो?"

म्हटलं, "फारसं काही नाही. अक्षर छान झालंय त्याचं."

देदू